विमान पुरते थांबेपर्यंत

विमानप्रवासाची धास्ती बहुतेकांना असते ती आकाशाची. चाके जमिनीला टेकली, की प्रवासी सुटकेचा निःश्वास सोडतात, मोबाइल सुरू करतात, कमरेचा पट्टा काढतात आणि वरच्या कप्प्यातील सामानाकडे हात नेतात. प्रवास संपला, असे त्यांनी मनोमन ठरवून टाकलेले असते. प्रत्यक्षात विमान अद्याप चालत असते. धावपट्टीवरून बाहेर पडून आपल्या थांब्यापर्यंत पोहोचण्यास त्याला कधी पाच, तर कधी वीस मिनिटे लागतात, आणि त्या वाटेवर ते एकटे नसते.

माझी सारी नोकरी याच वाटेवर गेली. मुंबईच्या विमानतळावर, विमाने जमिनीवर असताना त्यांची जी व्यवस्था पाहावी लागते, त्या कामात मी ३१ वर्षे होतो. निवृत्तीला आता बारा वर्षे झाली. गेली सहा वर्षे मी पत्नीची शुश्रूषा करतो आहे. तिला पार्किन्सनचा विकार आहे. विमानतळावरील शिस्त घरातील आजारपणात उपयोगी पडेल, असे मला नोकरीत असताना कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. आज मात्र त्या शिस्तीतील चार गोष्टी आमच्या घरात नित्य पाळल्या जातात. वयोवृद्ध प्रवाशांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांना त्या उपयोगी पडाव्यात, म्हणून हे लिहितो आहे.

प्रथम त्या वाटेविषयी सांगतो. विमाने उभी करण्याच्या विस्तीर्ण पटांगणाला विमानतळाच्या भाषेत एप्रन म्हणतात, आणि तेथून धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यांना टॅक्सीवे. एकेका विमानाभोवती इंधनाचा टँकर, सामानाचे डबे ओढणारा ट्रॅक्टर, खाद्यपदार्थ वर चढवणारी उंच गाडी, पाण्याची गाडी, स्वच्छतागृह रिकामे करणारी गाडी, शिडी, प्रवाशांची बस आणि विमानाला मागे ढकलणारा टग, अशी वाहने येत-जात असतात. इंजिनांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. कामगारांचे कान झाकलेले असतात. साधारण १८० आसनांच्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३५ मीटर पसरलेले असतात आणि प्रवासी व इंधनासह त्याचे वजन साठ-सत्तर टनांच्या घरात जाते. अतिविशाल विमानांत तर वैमानिकाला आपल्या आसनावरून स्वतःच्या पंखांची टोकेही दिसत नाहीत. वळताना ती टोके किती बाहेर झुकतील, हे त्याला जमिनीवरील माणसांच्या डोळ्यांनी पाहावे लागते.

म्हणून तेथे सारे काही आखून दिलेले असते. विमानाने पिवळ्या रेषेवरून चालावे, वाहनांनी पांढऱ्या रेषांनी आखलेल्या रस्त्यातच राहावे, आणि विमान समोर आले की वाहनाने थांबावे, हा पहिला पाठ. विमानाच्या पाठीवरचा व पोटाखालचा लाल दिवा लुकलुकू लागला, की इंजिन चालू होणार किंवा झाले आहे, असे समजून दूर राहावे, हा दुसरा. शहरात ट्रक चालवण्याचा परवाना असला, तरी तेथे चालत नाही. विमानतळाच्या आतील वाहतुकीसाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा परवाना लागतो.

इतके असूनही टक्कर होते. १६ मे २०२४ रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान लोहगाव विमानतळावर जमिनीवरून चालत असताना एका टगला धडकले. विमानात सुमारे १८० प्रवासी होते. विमानाच्या नाकाचे आणि पुढील चाकाजवळच्या टायरचे नुकसान झाले, प्रवाशांना उतरवावे लागले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. वृत्तपत्रांत ही बातमी दोन दिवस होती, मग विसरली गेली. मी मात्र ती कापून ठेवली, कारण ती वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न आला होता. त्या क्षणी एखादे आजोबा किंवा आजी मार्गिकेत उभ्या असत्या तर?

जमिनीवर चालणाऱ्या विमानाचा वेग साधारणपणे रस्त्यावरील स्कूटरएवढा असतो. पट्टा बांधून बसलेल्यास त्याचा अचानक ब्रेक म्हणजे एक हिसका. उभ्या असलेल्या, दोन्ही हात वरच्या कप्प्याकडे नेलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या माणसास तोच हिसका खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसा आहे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यास डोक्याला लागलेला साधा मारही धोक्याचा ठरू शकतो. शिवाय दीर्घकाळ बसून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येण्याची शक्यता उतारवयात वाढते, आणि पार्किन्सनमध्ये तर ती विशेष असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि अशा मृत्यूंचे प्रमाण साठीच्या पुढील वयात सर्वाधिक आहे. विमान कशाला धडकलेच पाहिजे असे नाही. समोरून एखादी गाडी आडवी जाऊ नये म्हणून वैमानिकाने वेळीच लावलेला ब्रेकही उभ्या माणसाला पाडू शकतो.

हे सारे मला पाठ असले, तरी माझ्याच घरात ते पटवून देणे सोपे नव्हते. आमची मुलगी बंगळुरूला असते. तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे जाताना विमान उतरले आणि पत्नीने लगेच पट्टा सोडून पुढच्या आसनाची पाठ धरली.

"अगं, विमान अजून चालते आहे," मी म्हणालो.

"अहो, मला उठायला वेळ लागतो. आता उभी राहिले, तर माझ्यामुळे कोणी खोळंबणार नाही."

तिच्या या उत्तरात आजाराची सारी व्यथा होती. तरुण माणूस विमानात लवकर उठतो तो अधीरपणाने. वृद्ध माणूस उठतो तो संकोचाने. आपल्यामागे रांग थांबली आहे, लोक घड्याळ पाहत आहेत, आपण सर्वांना भार झालो आहोत, ही भावना त्याला उठवते. पार्किन्सनच्या रुग्णाचे तर यातच अधिक नुकसान होते. अरुंद जागा, वळण आणि घाई या तिन्हींमुळे त्याचे पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते. मन पुढे जाऊ पाहते, शरीर पुढे झुकते आणि पाय मात्र जागचा हलत नाही. त्या अवस्थेत तोल जाणे अगदी सहज घडते. विमानातील मार्गिका अरुंद असते, आसनातून बाहेर पडण्यास वळावे लागते आणि मागे घाईत असलेली माणसे असतात. तिन्ही कारणे तेथे एकत्र येतात.

त्या दिवशी ती माझ्या सांगण्यावरून बसली, परंतु परतीच्या प्रवासानंतर म्हणाली, "आता मला कुठे नेऊ नका. लोकांना त्रास नको." मुलीचे घर, नातवाचा आवाज, तेथील बाल्कनीतील सकाळ, हे सारे ती एका संकोचापायी सोडण्यास निघाली होती. तेव्हा मी ठरवले, की आपल्याला जे काम येते त्याचा येथे उपयोग करावयाचा.

विमानतळाने शिकवलेली पहिली गोष्ट घाईसंबंधी आहे. जमिनीवर झालेल्या मोठ्या अपघातांच्या मुळाशी पुष्कळदा एखादी अगदी समंजस घाई आढळते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफे येथे दाट धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर झाली. एक विमान धावपट्टीवरून हळू चालत बाहेर पडण्याची वाट शोधत होते, आणि दुसऱ्याने परवानगी मिळण्यापूर्वीच उड्डाणासाठी धाव घेतली. ५८३ माणसे मृत्यू पावली. विमानअपघातात याहून अधिक जीवितहानी आजवर झालेली नाही. धाव घेणाऱ्या विमानातील कर्मचाऱ्यांना कामाच्या तासांची मर्यादा संपत आल्याची चिंता होती. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला धावपट्टीच्या अलीकडील थांब्यापर्यंत येण्याची सूचना होती. ते धावपट्टीवर गेले आणि उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा अंत झाला. आदल्या दिवशीच्या नोतो येथील भूकंपग्रस्तांसाठी ते मदतसाहित्य घेऊन निघाले होते. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी पेरूमधील लिमा येथे अग्निशमन दलाच्या गाड्या सरावासाठी धावपट्टीवर आल्या, त्याच वेळी एक प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत होते. विमानातील सर्व १०८ जण वाचले. अग्निशमन दलाचे दोन जवान जागीच गेले. यांतील कोणाचीही घाई बेजबाबदार माणसाची नव्हती. कोणाला नियम पाळायचा होता, कोणाला मदत पोहोचवायची होती, कोणाला सराव करायचा होता. चांगल्या हेतूच्या घाईलाही जमिनीवर तितकीच किंमत मोजावी लागते.

'लोकांना त्रास नको' ही माझ्या पत्नीची घाईसुद्धा चांगल्या हेतूचीच होती. म्हणून मी तिला अपघातांची भीती घातली नाही. आम्ही एवढेच ठरवले, की विमानातून सर्वांत शेवटी उतरायचे. मागे कोणी नसले, की खोळंबण्याचा प्रश्नच उरत नाही. चाकांची खुर्ची मागितलेल्या प्रवाशांना बहुधा शेवटीच उतरवतात. ज्याला आम्ही गैरसोय समजत होतो, ती सोय ठरली.

दुसरी गोष्ट आहे सूचना परत म्हणण्याची. नियंत्रण कक्षातून 'अमुक थांब्यापाशी थांबा' अशी आज्ञा आली, की वैमानिकाने वा वाहनचालकाने केवळ 'हो' म्हणून भागत नाही. ती आज्ञा त्याला आपल्या तोंडाने पुन्हा म्हणावी लागते, आणि सांगणाऱ्याने ती नीट ऐकून चूक असल्यास दुरुस्त करावी लागते. तेनेरीफेनंतर शब्दांचीही काटेकोर शिस्त आली. उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरावयाचा शब्द इतर संभाषणात वापरू नये, असे ठरले. डॉक्टरांच्या खोलीत आपण सगळे मान डोलावतो आणि जिना उतरताना एकमेकांना विचारतो, 'अर्धी गोळी सकाळची की रात्रीची?' मी आता डॉक्टरांसमोर सारे मोठ्याने परत म्हणतो: कोणती गोळी, किती, जेवणापूर्वी किती वेळ. एकदा त्यांनी हसत म्हटले, "काका, तुम्ही विमान उतरवताय का?" परंतु त्याच वेळी त्यांनी एका गोळीची वेळ दुरुस्तही केली. रुग्णाकडून सूचना त्याच्याच शब्दांत वदवून घेण्याची ही पद्धत वैद्यकशास्त्रातही मान्यता पावलेली आहे.

तिसरी गोष्ट, धाकट्याचे ऐकावे. तेनेरीफेच्या त्या विमानात धाव सुरू झाल्यावर, समोरचे विमान धावपट्टीवरून अद्याप बाजूला झाले नसावे, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. मुख्य वैमानिक ज्येष्ठ आणि नामांकित होते. त्यांनी ती शंका बाजूला सारली. त्यानंतर जगभर विमानकर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात हे शिकवले जाऊ लागले, की कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलावी आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी. एप्रनवर तर अगदी नव्या मदतनिसानेही हात उंचावून 'थांबा' अशी खूण केली, तर टग थांबलाच पाहिजे. कारण नंतर विचारावे. आमच्याकडे दिवसा मदतीला येणाऱ्या मावशी शिकलेल्या नाहीत. एका सकाळी त्या म्हणाल्या, "ताई आज पाय टाकतात तो निराळाच. उठवू नका त्यांना." मी त्या दिवशी फेरफटका थांबवला आणि रक्तदाब मोजला; तो बराच उतरलेला होता. डॉक्टरांनी एका औषधाची मात्रा बदलली. मोजण्याचे यंत्र माझ्याजवळ होते, पाहणारा डोळा मावशींचा होता.

चौथी गोष्ट झोपेची. डिसेंबर २०१५ मध्ये कोलकाता विमानतळावर पहाटेच्या वेळी एक बस उभ्या असलेल्या छोट्या विमानावर जाऊन आदळली. बसचालकाला डुलकी लागली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. पहाटेचा हा प्रहर रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. डोळे उघडे असतात आणि मन मिटलेले असते. विमानतळावर त्यासाठी पाळ्या बदलतात, विश्रांतीचे तास ठरलेले असतात. घरात शुश्रूषा करणाऱ्याची पाळी मात्र कोणी बदलत नाही. रात्री तीनदा उठून रुग्णाला कुशीवर वळवणारा माणूस पहाटे औषधाची बाटली हातात घेतो, तेव्हा तोही त्या बसचालकाच्याच अवस्थेत असतो. आम्ही आठवड्यातून दोन रात्री एक परिचारिका ठेवली आहे. त्या खर्चाबद्दल पत्नी प्रथम कुरकुरली. मी तिला सांगितले, की ही माझी चैन नाही, ही तुझ्या सुरक्षिततेची व्यवस्था आहे. ज्यांना परिचारिका परवडत नाही, त्यांनी भावंडांत, मुलांत रात्री वाटून घ्याव्यात. 'मी समर्थ आहे' हे वाक्य थकलेल्या माणसाच्या तोंडून आले, तर घरच्यांनी ते मान्य करू नये.

या चार गोष्टींखेरीज विमानतळाची आणखी एक खूण आमच्या घरात आली आहे. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाऊल अडते, तेव्हा जमिनीवर आडव्या रेषा असल्या तर पुष्कळांना त्या ओलांडण्याच्या निमित्ताने पाऊल उचलता येते. फिजिओथेरपिस्टने हे सांगताच मी पिवळी चिकटपट्टी आणली आणि शयनगृहापासून न्हाणीघरापर्यंत, एकेका पावलाच्या अंतरावर, आडव्या पट्ट्या लावल्या. पत्नी त्या रस्त्याला 'तुमचा टॅक्सीवे' म्हणते. न्हाणीघराच्या उंबऱ्यापूर्वी मी एक लाल पट्टी लावली आहे. तेथे थांबायचे, कठडा धरायचा, मग पुढे. धावपट्टीच्या तोंडाशीही लाल दिव्यांची अशीच ओळ असते.

आता प्रवासाविषयी थोडे. चाकांच्या खुर्चीची विनंती तिकीट काढतानाच करावी आणि आपली गरज नेमकी सांगावी. ज्यांना लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत पण विमानात आसनापर्यंत चालता येते, आणि ज्यांना आसनापर्यंत न्यावे लागते, अशा तिघांसाठी व्यवस्था वेगवेगळी असते. पायऱ्या जमत नसतील, तर रुग्णाला खुर्चीसह वर उचलणारी गाडी असते, तिची चौकशी करावी. एप्रनवरून बसकडे वा विमानाकडे चालावे लागले, तर आखलेल्या वाटेवरूनच, सोबत्याचा हात धरून चालावे; फोनवर बोलत चालू नये. ऐकण्याचे यंत्र लावलेले असावे. बसमध्ये चढल्यावर प्रथम आसन मागावे. ते मागण्यात कमीपणा नाही.

विमानात पट्टा सोडण्याची वेळ एकच: विमान आपल्या थांब्यावर पुरते थांबून पट्ट्याची खूण विझल्यानंतर. मध्येच विमान थांबते, ते पुष्कळदा दुसऱ्या विमानाला वा वाहनाला वाट देण्यासाठी, आणि पुन्हा चालू लागते. त्या थांबण्याला फसू नये. खूण विझल्यावरही आधी पावले वर-खाली हलवावीत, मग आसनाच्या कडेला येऊन क्षणभर बसावे आणि नंतर उठावे. सामान दुसऱ्याला काढू द्यावे. एक दिवसाची औषधे, चष्मा आणि आजाराची माहिती लिहिलेला कागद खिशात किंवा कमरेच्या छोट्या पिशवीत ठेवावा, वरच्या कप्प्यात नव्हे. पुण्यासारखी घटना घडली, तर विमान जागीच राहते आणि पुढचे तास प्रतीक्षागृहात जातात. पार्किन्सनची गोळी त्या तासांसाठी थांबत नाही. आणि हानेदाच्या त्या प्रवासी विमानातील सर्व ३७९ माणसे पेटत्या विमानातून जिवंत बाहेर पडली, त्याचे एक कारण हे, की त्यांनी सामान मागे सोडले. जे अंगावर असते, तेच अशा वेळी आपले.

अशा टकरी विरळ आहेत, आणि त्या विरळ राहाव्यात म्हणून रात्रंदिवस झटणारी माणसे एप्रनवर असतात, हेही सांगितले पाहिजे. हे लिहिण्याचा हेतू कोणी प्रवास सोडावा हा नाही. गेल्या वर्षी आम्ही पुन्हा बंगळुरूला गेलो. विमान थांबले, खूण विझली, पुढचे सारे प्रवासी उतरून गेले. मार्गिका रिकामी झाल्यावर पत्नीने मनातल्या मनात तीन अंक मोजले आणि पाऊल उचलले. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने "सावकाश, आजी," एवढेच म्हटले. पुढच्या वर्षी तिचे पाय किती साथ देतील, हे डॉक्टरही सांगत नाहीत. यंदाची तिकिटे मात्र आम्ही काढली आहेत.

तरुण वाचकांना एकच विनंती. पुढच्या प्रवासात समोरच्या आसनावरील आजोबा विमान चालू असतानाच उठू लागले, तर त्यांना हळूच म्हणा, "बसा, आम्हांला घाई नाही." त्यांच्या उठण्यामागे जे ओझे असते, ते या चार शब्दांनी पुष्कळ हलके होते.